जाकीरची ओळ

सभा संध्याकाळी होती आणि दुपारी संजीवनी लॅपटॉपपुढे बसून नखं खात होती. संजीवनी माझी सून. ती नखं खायला लागली की समजावं, एक तर माहेरचा फोन येऊन गेला, नाहीतर हिशोब जुळत नाही.

"आत्याबाई, खालची बेरीज एक सांगून राह्यली आन् चित्र दुसरंच."

"मंग बेरजेचं ऐक. लग्नाच्या फोटोत सारेच गोरे दिसतात."

ती हसली नाही. तेव्हा मी चष्मा लावला आणि जवळ जाऊन बसले.

आमच्या बचत गटाच्या बायांनी यंदा गावातल्या कपाशीत सापळे लावले होते. बोंडअळीचे पतंग त्यात अडकतात. बाया ते मोजतात आणि संजीवनी लॅपटॉपमध्ये टाकते. एका ओळीत एकाचं नाव, पुढं आकडा. त्यावरून मशीन उभे पट्टे काढून देतं, ज्याच्या शेतात पतंग जास्त त्याचा पट्टा उंच. सगळ्यांवरून एक लाल रेघ. रात्रीला आठ पतंग म्हणजे ती रेघ. तिच्यावर गेलं की धोका, असं मेहकरहून आलेल्या शेतीखात्याच्या साहेबानं सांगितलं होतं.

संध्याकाळी गावानं ठरवायचं होतं की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, आता उपटायची, की वेचणी संपल्यावर पुन्हा फुटणारा फरदडीचा कापूस निघेल म्हणून शिमग्यापर्यंत उभी ठेवायची. उभी ठेवली तर अळी तिच्यात मुक्काम करते आणि पुढच्या पिकावर उतरते. बीटीला अळी लागत नाही म्हणून आम्ही हे बियाणं घेतलं. पहिली काही वर्षं लागली नाही हे खोटं नाही. आता बोंड फोडलं की आत गुलाबी होऊन बसलेली असते, नव्या नवरीसारखी.

आणि चित्रात तर सगळेच पट्टे लाल रेघेच्या खाली. हे पाहून गाव काय म्हणणार? राहू द्या उभी.

"बेरीज एवढी मोठी काऊन येते मंग?" संजीवनी स्वतःशीच बोलत होती. तिनं पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळं पुन्हा निवडून दिलं. चित्र तेच. मग तिला सापडलं की गटातल्या पुष्पाबाईच्या पोरीनं हौसेनं आपला आकडा स्वतःच टाकला होता, तोही मराठीत, मशीनला ते अक्षर वाटलं होतं. तो नीट केला. पुष्पाबाईचा पट्टा उगवला, तोही रेघेखालीच. बेरीज तेवढ्यानं आणखी वाढली. फरक जिथल्या तिथं.

मग ती डाव्या कडेचे ओळींचे नंबर बोटानं मोजू लागली. सात. नंतर एकदम नऊ.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आठवी ओळ झाकलेली हाय. जाकीरभाऊची. तुमीच झाकायले लावली होती."

हो, मीच सांगितलं होतं. जाकीर आमचा धुऱ्याचा शेजारी, त्याच्या आणि आमच्या शेताला बांध एकच. भादव्यात पाठीवर फवारणीचा पंप असतानाच छातीत कळ आली आणि शेतातच गेला. त्यानंतरच्या सभेत शाळेतून आणलेल्या टीव्हीवर त्याचं नाव झळकलं आणि माणसं च्‌ च्‌ करायला लागली. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं नाव असं सगळ्यांपुढं नाचवू नको, झाक. हिनं पुसलं नाही, ओळ तेवढी दडवली. सापळा आमच्या धुऱ्यालाच असल्यामुळं पतंग मोजणं चालूच राहिलं. बेरीज दडवलेली ओळ धरते, चित्र ती सोडून देतं. मी सांगितलं ते माणुसकीचं सांगितलं. मशीनला माणुसकी नाही, त्याला मी काय करू?

संजीवनीनं ओळ उघडली. पट्टा वर गेला, लाल रेघ ओलांडून थेट टीव्हीच्या टॉवरसारखा.

जाणारच होता. जाकीरच्या मागं त्या शेतात कोणी औषध मारलं नाही, धड वेचणी केली नाही. शकीला, त्याची बायको, इद्दतीत बसलेली. नवरा गेला की त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही. लेकरं लहान. उभ्या कापसाची एक वेचणी घरात आली तरच तिचं वर्ष निघणार होतं.

"हे दाखवलं का गाव पयले तिच्याच शेतात ट्रॅक्टर घालते," संजीवनी म्हणाली. "नाई दाखवलं का साऱ्याइची पऱ्हाटी उभी राह्यते. आत्याबाई, काय करू?"

"थांब," मी म्हटलं, आणि चप्पल घातली.

शकीला अंगणात भिंतीच्या आडोशाला तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. चित्र, पट्टा, ओळ. तिनं सूप खाली ठेवलं.

"नाव काऊन झाकलं, काकी?"

"तुले वाईट वाटू नये म्हणून."

"मी तं सभेत नव्हतीच. मले कायचं वाईट वाटते?" ती बोलली हळूच, पण मला लागलं. "सापळा त्याइनं सोताच्या हातानं रोवला होता. गावानं येवढ्यातच त्याइचं नाव पुसून टाकलं का?"

मी तिच्या सुपातले दोन खडे काढून टाकले. नंतर म्हटलं, "नाव दाखवलं तं पीक जाते, पोरी."

"दाखवा. खोटं कायले ठेवता? पण एक वेचणी होऊ द्या. मी येऊ शकत नाई, माह्या तोंडानं तुमी बोला."

सभेत मी बोलले. पट्टा पाहून समाजमंदिरात आधी कुजबुज, मग एकदम गलका झाला. मागून कोणी तरी म्हणालं, त्याइच्यातूनच येते सारी अळी. मी वळून पाहिलं आणि म्हटलं, अळीनं तुले जात सांगितली का बे? तो खाली बसला.

"आधी एक वेचणी," मी म्हटलं. "गटाच्या बाया फुकट वेचतीन. मंग उपटा. आन् उपटायची तं साऱ्याइनंच उपटा."

उत्तमराव उठले. सरपंचकी जाऊन किती वर्षं झाली, उठायची सवय गेली नाही. "सोजराबाई, दोन दिवस घ्या, वेचा. पण बाकीच्याइनं काऊन उपटायची? आमचे पट्टे रेघेखाली हायेत. तुमच्याच सुनेनं दाखवलं."

"बोटभर खाली हाय तुमचा."

"खाली तं हाय ना."

माणसं हसली. ठरलं ते असं : शकीलाची पऱ्हाटी दोन दिवसांनी, बाकीच्यांचं संक्रांतीनंतर पाहू. संजीवनी टीव्हीची वायर गुंडाळत होती. तिचं तोंड पाहवत नव्हतं. चित्र खरं होतं म्हणून गाव सुटलं आणि एकटी शकीला सापडली.

दोन दिवस आम्ही वेचलं. पांढरा कापूस थोडा, कवडीच फार. पिवळी पडलेली, अळीनं खाल्लेली, बोंडातून नखानं उकरून काढावी लागणारी. गाठोडी तिच्या अंगणात टाकली. ती चांगला आणि कवडी वेगळा करत बसली, मीही बसले. तेवढ्यात शेताकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. तिचे हात थांबले नाहीत.

"बाकीच्याइचं कधी, काकी?"

मी हातातली कवडी ढिगात टाकली आणि उठले. घरी आले आणि रामला, माझ्या लेकाला, म्हटलं, ट्रॅक्टरवाल्याला सांग, तिकडून परत जाता जाता आपल्यात घाल.

"आई, आपला पट्टा रेघेखाली हाय. डोकं फिरलं का तुवं?"

"शेत कोणाच्या नावावर हाय?"

"तुह्या."

"मंग फिरलं तं माहंच फिरलं."

तो जेवला नाही. संजीवनीनं त्याचं ताट झाकून ठेवलं. आमच्या कापसात शकीलाच्यापेक्षा पुष्कळ चांगली बोंडं होती. ट्रॅक्टरखाली ती फुटायची तेव्हा पांढरं दिसायचं. पाहायला मी धुऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलाकडं गेले. भिंतीवरून तिला आमचं शेत दिसत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, "आमचं झालं."

कवडीचा ढीग पोत्यात भरता भरता ती म्हणाली, "आन् उत्तमरावचं?"

"चहा टाक," मी म्हटलं.