पाटलिणीला दम लागला

धैर्यशीलला माणसाला खाऊ घालायची भारी हौस. दारात कुणी आलं की ताट, कुणी हिरमुसलं की ताट, आणि अक्का जिना चढून धापा टाकत बसली तरी ताटच. "खात न्हाईस, म्हणून अंगात ताकद न्हाय," हे त्याचं निदान ठरलेलं.

अक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच त्याला वाढवलं, आणि नवरा वारल्यावर पेठ वडगावचं घर बंद करून ती कोल्हापुरात त्याच्याकडं राहायला आली. दुसऱ्या मजल्यावरून तिला सारखं खाली उतरणं जमेना, म्हणून त्यानं काचेची टाकी आणि मासे आणून दिले. अक्का दिवसभर त्यांच्याशी बोलायची. तोऱ्यात फिरणाऱ्या एका चंदेरी एंजल माशाचं नाव तिनं पाटलीण ठेवलं होतं.

एकदा ती सहज म्हणाली, "पाण्यात जरा हिरवं असतं तर बरं दिसलं असतं." झालं. धैर्यशीलनं दुसऱ्याच दिवशी टाकीत झाडं लावली. ती पिवळी पडायला लागली तेव्हा मासे विकणाऱ्या नईमनं झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅस घरच्या घरी करायची युक्ती सांगितली. बाटलीत साखरपाणी, चिमूटभर यीस्ट, झाकणातून नळी टाकीत.

"पण बेतानं, काका," नईम म्हणाला. "अंधारात झाडं ह्यो गॅस घेत न्हाईत, मासं गुदमरत्यात. सांजच्याला नळी काढायची आणि हवेचा पंप लावायचा. इसरू नका."

धैर्यशीलची उभी हयात शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेली. तिथं वाळूचे साचे टणक करायला हाच गॅस सोडायचे. "मला शिकवतोस व्हय?" म्हणून तो हसला. घरी येऊन त्यानं साखरेऐवजी ढेप फोडून गुळाचा भला मोठा खडा टाकला, यीस्टही सढळ हातानं घातलं. पाहुण्याला वाढताना तो कधी हात आखडायचा नाही, तर माशांना का आखडेल? संध्याकाळी नळी तशीच राहिली. पंप लावला तर एवढा केलेला गॅस उडून जाईल म्हणून पंपही बंदच.

दिवेलागणीला सगळे मासे वर आले. पाटलीणसुद्धा पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होती.

"धैर्या, त्येंना दम लागलाय रं," अक्का म्हणाली.

"भूक लागल्या, अक्का. बघ की, कसं मागत्यात." त्यानं चिमटीभर खाणं टाकलं, वर आणखी चिमटीभर. कुणी त्याला शिवलं नाही.

"न्हाय रं. मला कळतंय की."

"तू गप. आधी जेवून घे."

सकाळी पाटलीण आडवी होऊन तरंगत होती. बाकीचेही तसेच. बाटलीतला गूळ मात्र अजून बुडबुडत होता. अक्कानं पदरानं काच पुसली आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर धैर्यशीलला बरं वाटलं असतं. नईमचं नाही तर निदान अक्काचं तरी ऐकायला हवं होतं, म्हणून तो दिवसभर स्वतःला कोसत राहिला.

संध्याकाळी अक्का खिडकीशी बसली होती. सवयीनं तो ताट घेऊन गेला. भावाचं मन मोडू नये म्हणून तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून ती थांबली. तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. आधी श्वास यायचा होता, मग घास. हे थांबणं रोज त्याच्या डोळ्यांदेखत चालत आलं होतं, आणि तो दर वेळी वर आणखी भाकरी वाढत आला होता.

त्यानं तिच्या हातातला तुकडा काढून घेतला. "अक्का, असं हुतंय तर मला सांगायचं तरी."

अक्का दम खात राहिली. मग हळूच म्हणाली, "सांगितलं हुतं की रं. तू ताट आणलंस."