चेसीवरच्या दोन पाट्या

पांढरकवड्याला हायवेवर ट्रकची बॉडी बांधणारे चारजण होते, पण कापसाची बॉडी म्हटली की लोक कय्युम मिस्त्रींकडेच यायचे. सागाच्या फळ्यांचा तळ, बाजूंना उंच फाळके आणि मागे ‘हुसेन मिस्त्री’ अशी पत्र्याची पाटी. हुसेन मिस्त्री म्हणजे कय्युमचे अब्बा. ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी पाटी त्यांचीच लागायची, मापंही त्यांचीच. इंचभर इकडचं तिकडे करा असं कुणी सुचवलं, की कय्युम मिस्त्रींचा पारा चढलाच.

दोन हजार सहा साली मात्र कापसानं सगळ्यांचेच वांधे केले. कापूसच नाही तर कापसाच्या गाड्या कोण बांधणार? नेमसिंग नावाच्या गिऱ्हाइकानं दिवाळीआधी आणलेली चेसी अंगणात तशीच उभी होती. इंजिन, चाकं, स्टेअरिंग आणि बाकी नुसती हवा. शेवटी एका मंगळवारी नेमसिंग आला. कापसाचं राहू द्या, म्हणाला, मुकुटबनला माझ्या भावानं बँड काढलाय, त्याला स्टेजवाली गाडी बांधून द्या. शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर चेसी वणीला नेतो.

कय्युम मिस्त्रींच्या ओठांवर नकार आला होता. पण शेडमधले दोघे कारागीर कान टवकारून ऐकत होते, आणि दोघांनाही महिनाभर काम नव्हतं. मिस्त्रींनी नेमसिंगला चहा पाजून वाटेला लावलं आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांवर करवादत राहिले. अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं बँडची गाडी बांधायची? घरात म्हातारी आई आहे, सुग्राबी. तिला काय तोंड दाखवायचं? खरं सांगायचं तर काम त्यांना हवंच होतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

त्यांची लेक नाहिद यवतमाळला कॉम्प्युटर शिकायची. परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आली होती आणि चेसीशेजारच्या काळ्या पत्र्यावर खडूनं लिहून अभ्यास करायची. गुरुवारी मिस्त्रींना पत्र्यावर ‘वाहन’ आणि त्याखाली ‘बांध’ एवढंच दिसलं. पुढे कोरं. हे अर्धवट काहून सोडलं, त्यांनी विचारलं.

सोडायचंच असतं, ती म्हणाली. प्रोग्राम लिहिताना याला ॲबस्ट्रॅक्ट क्लास म्हणतात, म्हणजे नुसता साचा. गाडी बांधलीच पाहिजे असं तो बजावतो, कशी ते सांगत नाही. ती कोरी जागा कुणीतरी भरल्याशिवाय गाडी काही तयार होत नाही. यावर तिची कॉलेजात फजितीही झाली होती. तोंडाला दुपट्टा बांधून, लाकडी खोक्यावर बसून नुसती चेसी हाकत येणारे ड्रायव्हर तिनं लहानपणापासून पाहिलेले, म्हणून तिनं सरांना ठासून सांगितलं की कोरी गाडीसुद्धा चालते. अख्खा वर्ग हसला.

“चालते,” मिस्त्री म्हणाले, “पण आरटीओत पासिंग होत नाही.”

सरांनी असं सांगितलं असतं तर तिथंच समजलं असतं, असं म्हणत तिनं खाली ‘कापूसगाडी’ लिहून कोरी जागा भरली. मग बापाच्या काळजीचं कारण तिला पक्कं ठाऊक असल्यामुळे त्याखाली ‘बँडगाडी’ लिहिलं. कापूसगाडीला हिचा बाप समजा, म्हणाली. कामाचं नाव बापाचंच, ‘बांध’, पण करायचं आपल्या रीतीनं. याला ओव्हररायडिंग म्हणतात.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. “म्हणजे बापाचं पुसून टाकायचं.”

“पुसत नाही, अब्बा. बापाचं तिथंच राह्यते. लेक पहिले त्यालेच हाक मारते, त्याचं काम करून घेते, मंग आपलं जोडते.” आणि तिनं बँडगाडीच्या पहिल्या ओळीत ‘सुपर’ लिहिलं, म्हणजे आधी वरच्याला बोलाव.

मिस्त्रींनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग खिशातला टेप काढून चेसी मोजायला लागले, आणि नेमसिंगला होकाराचा फोन शुक्रवारची वाट न बघताच गेला.

तळ सागाचाच, फाळके अब्बांच्याच मापाचे. फक्त खालून बिजागऱ्या बसवल्या. कडी काढली की फाळका बाहेर आडवा होई, खाली टेकू लागे, आणि त्यावर सहा वाजंत्री आरामात मावत. अब्बांची पाटी मिस्त्रींनी तळाच्या फळीवर ठोकली. वर जागा मोकळीच राहिली. नाहिदनं तिथे खडूनं एक चौकोन काढला आणि आत गेली.

त्या चौकोनासाठी कापलेल्या पत्र्यावर पेंटरनं नेहमीसारखं ‘हुसेन मिस्त्री’ लिहायला ब्रश उचलला, तेव्हा कय्युम मिस्त्रींनी त्याला थांबवलं. बावन्न वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटला.

गाडी न्यायच्या दिवशी बँडवाल्यांनी अंगणातच फाळका पाडला आणि असं काही वाजवलं, की दोघे कारागीर हातोड्यांसकट नाचायला लागले. त्या गलक्यात मिस्त्रींनी नवी पाटी खडूच्या चौकोनात ठोकली. तेवढ्यात सुग्राबी काठी टेकत आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं दोन्ही पाट्यांवरून हात फिरवला आणि नाहिदकडून नावं वाचून घेतली. मिस्त्री खाली मान घालून उभे होते.

“तुह्या अब्बानं त्याईच्या बापाची पाटी काढून आपली लावली,” सुग्राबी लेकाला म्हणाली, “तवा तेही असेच घाबरलते. त्याईचा बाप बैलाच्या दमण्या बांधे, अन् हे ट्रक बांधाले लागले.”

कय्युम मिस्त्रींनी मान वर केली. मग त्यांच्या हातातला हातोडा काढून नातीच्या हवाली करत आईच म्हणाली, “आता जाय, नाच.” आणि मिस्त्री गेले.