वुल्फ क्रीकच्या घाटात मी थांबलो

मित्रांनो, मी एक जुना निळा पिकअप ट्रक आहे, आणि एका सुडात मी सामील होतो.

कोलोरॅडोतल्या डुरँगो गावी रॉयस आणि व्हर्ना या नवराबायकोनं मला घेतलं. सहलीला निघताना ते दोघं माझ्यामागे आपलं चाकांवरचं घर, म्हणजे राहायचा ट्रेलर, जोडत. एकोणीसशे बासष्ट सालचं, चंदेरी पत्र्याचं. रॉयस दिवसभर तेच पुसत बसे. लोक कौतुकानं त्याचे फोटो काढत. माझ्याकडे कुणी बघत नसे.

मला सांभाळलं व्हर्नानं. ओझं ओढणाऱ्या गाडीचं तेल लवकर जळतं, हे तिला ठाऊक होतं. दर उन्हाळ्याआधी ती माझ्याखाली आडवी होऊन गिअरचं तेल बदलायची.

"ट्रकचे कसले लाड करतेस?" रॉयस हसायचा.

सव्वीस वर्षांच्या संसारानंतर त्याला बॉनी भेटली. घटस्फोटाच्या वाटणीत चाकांवरचं घर त्याला मिळालं, मी व्हर्नाला.

"पंधरा दिवस ट्रक दे," तो म्हणाला. "बॉनीला डोंगर दाखवायचेत."

त्याच सकाळी व्हर्नानं माझं तेल तपासलं होतं. काळं पडलं होतं, करपल्याचा वास येत होता. नव्या तेलाचे डबे फडताळात होते. ते तिथेच राहिले.

"सगळं ठीक आहे ना ट्रकचं?" रॉयसनं विचारलं.

"ब्रेक नवे घातलेत. मरायचा नाहीस," ती म्हणाली. "बाकी ट्रकला लाड कशाला हवेत?"

वुल्फ क्रीकच्या चढणीवर माझं अंग भाजून निघालं. तापमानाचा काटा लाल रेघेपुढे गेला, तरी रॉयस ॲक्सिलरेटरवरून पाय काढीना. हळूहळू रांगत मी कदाचित वर पोचलोही असतो. मी प्रयत्नच केला नाही. गिअर जळला, धूर निघाला, मी कडेला थांबलो.

शेवटी रॉयसनं फोन केला तो व्हर्नालाच. तीन तासांनी ती गॅरेजवाल्याची उचलगाडी घेऊन आली. तिनं घराच्या चाकांखाली लाकडी ठोकळे नीट लावले, जोड सोडवला आणि मला एकट्यालाच उचलगाडीवर चढवलं.

"अगं, आणि हे?" रॉयस म्हणाला.

"ते तुझं."

"मग आम्ही इथेच राहायचं?" बॉनी रडवेली झाली.

"घरच आहे ते," व्हर्ना म्हणाली. "राहा की."

हिवाळाभर खपून तिनं मला पुन्हा उभं केलं.

मित्रांनो, चमकणाऱ्याला पुसण्याआधी ओढणाऱ्याचं तेल बघा. आणि ते दुसरं कुणी तुमच्यासाठी बघत असेल, तर त्या माणसाला दुखवू नका. गिअर जळताना मला फार यातना झाल्या. तरीही रॉयसला घेऊन तो घाट पुन्हा चढावा लागला, तर मी तिथेच थांबेन.