डाकोटाच्या दारात

“काका, चपला कशाला काढल्या? देऊळ आहे का हे?”

गळ्यात प्रदर्शनाचा बिल्ला अडकवलेला पोरगा हसला. रांगेतले चार जणही हसले. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, चपला शिडीखाली जोडीने ठेवल्या. माझं डोकं तिथेच फिरलं. दोन तास उन्हात उभं राहून आम्ही त्या डाकोटा विमानापर्यंत पोचलो होतो.

गोष्ट दोन हजार चार सालची. नाशिकबाहेरच्या एका मैदानावर विमानांचं प्रदर्शन भरलं होतं. पेपरात त्या जुन्या मालवाहू विमानाचा फोटो पाहिल्यापासून आप्पांना मखमलाबादच्या मळ्यात चैन पडत नव्हती. फौजेत असताना असल्याच विमानातून ते डोंगरातल्या चौक्यांवर तांदूळ-डाळ टाकायचे. भाऊबंद त्यांना ‘विमानातला हमाल’ म्हणत. मला तर लाज वाटायची, म्हणून शाळेत मी माझे वडील पायलट होते असं ठोकून दिलं होतं. ते आप्पांच्या कानावर गेलं, तरी ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्या दिवशी सकाळी मात्र म्हणाले, “छाया, एकदा त्या दारात पडून दाखवतो तुला. मग काय म्हणायचं ते म्हण.”

कर्ण्यावरून निवेदक ओरडत होता, “या विमानाने बर्फातल्या हजारो जवानांना जेवू घातलं!”

“विमानानं?” आप्पा उखडले. “विमानाला काय पाय हाय का?”

शेजारच्या फलकावर वैमानिकांची नावं होती, इंजिनांची ताकद होती, रंग देणाऱ्या कंपनीचंसुद्धा नाव होतं. गोण्या टाकणाऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

आत गेल्यावर आप्पांचा आवाजच बदलला. “इथं थप्पी लावायची. गोणीत गोणी घातलेली, आतली फुटली तरी दाणा सांडू नये. दार काढूनच ठेवलेलं. घंटी वाजली की उताणं पडायचं अन् दोन्ही पायांनी रेटायचं.”

“बूट घालून?”

“अन्नाला बूट लावतात का? आमची टोळी सगळी शेतकऱ्यांची पोरं. साहेब लय वरडायचे, पण आम्ही बूट काढून नुसत्या मोज्यांवर ढकलायचो.”

मी त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं. दोन बोटं नव्हती. मळ्यात कुदळीने तुटली असतील असं मी लहानपणापासून धरून चालले होते. कधी विचारलंच नव्हतं.

“थंडीनं गेली?”

“दारात वारं लय लागायचं,” एवढंच म्हणून ते धुतलेल्या सदऱ्यासकट दारापाशी खालच्या फळीवर उताणे पडले.

बिल्लेवाला धावत आला. “ओ काका, उठा! पाहुणे आलेत, फोटो काढायचाय. झोपायची जागा नाही ही!”

मी त्याच्यासमोर आडवी उभी राहिले. “थांबव तुझ्या पाहुण्यांना. माझे वडील काम करतायत.”

आवाज इतका चढला, की तो मागे सरला. आप्पांनी गुडघे छातीशी घेतले आणि रिकाम्या दाराकडे पाय झाडले. एकदा, दोनदा, तीनदा. मग धाप लागली. मी हात दिला.

खाली आलो तर चपला गायब.

“फोटोत येत होत्या, म्हणून सारल्या तिकडे,” तो पोरगा म्हणाला आणि त्याने पायानेच दिशा दाखवली.

मी त्याला अक्षरशः झोडपून काढलं, तोंडाने. पण चपला मिळाल्या नाहीत. “चल, पोरी,” म्हणत आप्पा तापलेल्या डांबरावरून अनवाणीच निघाले.

रांगेतल्या एका बाईने मला विचारलं, “कोण होते ते? पायलट?”

“नाही,” मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “गोण्या ढकलायचे. पायांनी.”

आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त मी पोचेपर्यंत ते थांबले.