छकुलीचं डोकं

रुखमाआत्या दुसरबीडहून आल्या त्याच दिवशी त्यांनी छकुलीला पालथं धरून डोकं न्याहाळलं आणि निकाल देऊन टाकला.

"मागून भाकरीसारखं चपटं हाये. म्हणूनच केस गेले. आताच दाबून गोल केलं नाई, तर बापासारखं टक्कल पडन. पोरीची जात हाये, रेणुका!"

छकुली तीन महिन्यांची. तिच्या डोक्यामागे रुपयाएवढी जागा मोकळी झाली होती, हे खरं. पण लसीच्या दिवशी रेणुकाने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. लेकरू पाठीवर निजतं, डोकं घासतं, तिथले केस जातात आणि पुन्हा येतात, असं त्या म्हणाल्या होत्या. जागी असली की पालथी घाला, पण डोकं दाबू नका. टकलाचा आणि कवटीच्या घडणीचा काही संबंध नाही. रेणुकाने हे सांगितल्यावर आत्या फिसकन हसल्या.

"तुह्या डॉक्टरनीनं किती लेकरं न्हाऊ घातले?"

रेणुकाच्या सासूबाई, सरस्वतीबाई, खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या. त्यांच्या मुलाचे, कुलदीपचे, केस तिशीतच गेले, तेव्हापासून ही नणंद चारचौघांत त्यांनाच बोल लावायची. "मी पोराचं डोकं गोल करून गेली होती, हिनं मागून बिघडवलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी रेणुका चुलीवरचं पाणी उतरवायला गेली, तेवढ्यात आत्यांनी छकुलीला पायांवर घेतलं. किंकाळी ऐकून रेणुका धावत आली. आत्यांचे दोन्ही तळवे पोरीच्या डोक्यावर आवळलेले होते. पोर रडून रडून काळीनिळी झाली होती, तिचा श्वास अडकत होता. आणि कुलदीप दारात मोबाईल हातात घेऊन उभा होता.

रेणुकाने पोरीला हिसकावून घेतलं. तेलाची वाटी कलंडली.

"हात लावू नका माह्या पोरीले!"

"अवं, तिच्या भल्यासाठीच करून राह्यली मी."

"टाळू भरली नाई तिची अजून! मारून टाकता काय?"

"रेणुका, आवाज कमी कर," कुलदीप म्हणाला. "मोठ्या हायेत त्या."

त्या शब्दांनी तिच्या अंगाची लाहीलाही झाली. "तुमी पाहून राह्यले होते! पोरगी तडफडत होती अन् तुमी उभे!"

"पाह्य सरस्वती, तुह्यी सून!" आत्या कडाडल्या. "तुह्यासारखीच. लेकराची पर्वा नाई."

सरस्वतीबाई उठल्या. आजवर कुणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"बाई, माह्या पोराले तुमीच न्हाऊ घालत होत्या. मले हात लावू देल्ला नाई. पाहा त्याचं डोकं, नारळासारखं गोल हाये, तुमच्या हातचं! मंग केस कुठी गेले? अन् हे तुमचे भाऊ, मागून पाटीसारखे सपाट, साठीतही कंगवा अडकते. तुमच्या बापाच्या डोक्यावर काय होतं, सांगा ना! पोरानं आज्याचं टक्कल घेतलं अन् इतकी वर्षं शिव्या मी खाल्ल्या!"

हे भाऊ, म्हणजे सरस्वतीबाईंचे यजमान इंद्रभानराव, ओसरीवर बसले होते; त्यांनी हळूच मागून आपलं डोकं चाचपलं. दुपारच्या बसने आत्या गेल्या. जाताना त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी कुलदीप हळूच म्हणाला, "मले वाटलं, घरात वाद नको."

"तुमच्या आईनं इतकी वर्षं वाद केला नाई," रेणुका म्हणाली. "काय भेटलं तिले?"

तिला त्याची दया आली नाही. पोरीला घेऊन ती सासूबाईंजवळ जाऊन बसली.

सकाळी तिने छकुलीला सरस्वतीबाईंच्या पायांवर ठेवलं. त्या घाबरल्या. कोमट पाण्याचा तांब्या हातात धरून त्यांनी विचारलं, "मानेखाली हात कसा धरू वं?"