ट्यूबमागची ओल

देवगाव फाट्यावर आश्रुबा मिस्तरीचं नाव निघालं की लोक आपल्या गाडीचे फेंडर दाखवायचे. फेंडर म्हणजे चाकावरचा तो गोल पत्रा. गावाकडं त्याला कुणी फेंडर म्हणत नाही, मडगार्डच म्हणतात. आता आपल्याकडचे रस्ते कसे, हे कुणी कुणाला सांगायची गरज नाही. वरचं डांबर वर्षात उखडतं आणि खाली उरते ती खडी. चाक फिरलं की ती खालून फाडफाड पत्र्याला हाणते, रंग उडतो आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. कंपनीचं प्लास्टिकचं अस्तर असतं म्हणा, पण ते इकडच्या एका हंगामात तडकतं आणि लोंबायला लागतं.

आश्रुबानं यावर स्वतःच्या डोक्यानं इलाज काढला होता. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापायची, फेंडरच्या आतून पंक्चरच्या सोलुशननं चिकटवायची आणि चारी कडा अशा बंद करायच्या की मुंगीला वाट मिळू नये. खाली पाणी निघायला कंपनीनं ठेवलेलं बारकं भोक असतं, तेही तो बुजवून टाकायचा. आपल्या काळ्या मातीचा चिखल कुठूनही शिरतो, त्याला दार कशाला ठेवायचं, असा त्याचा हिशेब होता. खडी आदळली की रबर गुमान झेलायचं. आत बसलेल्या माणसाला आवाजसुद्धा यायचा नाही.

चार वर्षांमागं त्याच्या लेकीचं, राणीचं लग्न वालूरच्या रंगनाथरावांच्या घरी ठरलं. रंगनाथराव बागायतदार, गावात शब्दाला वजन. आश्रुबाकडं दोन एकर कोरडवाहू आणि फाट्यावरचं पत्र्याचं शेड. देण्याघेण्यात आपली त्यांच्याशी बरोबरी व्हायची नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग त्यानं काय करावं? लग्नाआधी व्याह्यांची गाडी मागून आणली आणि तीन दिवस दुसऱ्या कामाला हात न लावता चारी फेंडरांना ट्यूब बसवून दिली. रंगनाथराव असे खूश झाले की विचारू नका. पारापाशी गाडी उभी करायचे, लोकांना वाकायला लावायचे आणि सांगायचे, "आमच्या इवायानं केलंय." त्यांच्या शब्दावर वालूरच्या अकरा गाड्या फाट्यावर आल्या. सासरी राणीला जो मान होता तो आपल्या हातच्या कामाचा आहे, असं आश्रुबा मनाशी धरून होता. बापाचं मन, त्याला नावं कोण ठेवणार. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

मग या डिसेंबरात बालाजी दूधवाला गाडी घेऊन आला. त्याच्या गाडीला ट्यूब बसवून पाच वर्षं झाली होती.

"मिस्तरी, दरवाज्यापाशी रंग फुगायलाय. बघा बरं जरा."

आश्रुबानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं. लावलं म्हणजे नुसतं टेकवलं, तर ते पापडातून जावं तसं आरपार गेलं. चाक काढलं, खाली बसला आणि रबराची कड उचकटून ओढली. आतून काळी माती भसकन मांडीवर पडली. ती त्यानं मुठीत दाबली, तर लाडू वळावा तसा गोळा झाला. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते आणि माती अजून ओली होती.

तसाच तो मूठ धरून बसून राहिला. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस तो. याच मातीच्या ओलीवर, वरून थेंब न पडता, त्याच्या बापानं उभी हयात ज्वारी पिकवली. ती ओल धरून ठेवते म्हणून तर काळ्या रानाचं कौतुक. आणि आपण पत्र्यावर रबर चिकटवलं, कडा बुजवल्या, भोक बुजवलं. चिखल शिरायचा तो बारक्या फटीतून शिरलाच, निघायला मात्र वाट ठेवली नाही. हे इतकं साधं आपल्याला कळू नये याची त्याला स्वतःचीच चीड आली. पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉकअब ज्या पत्र्यावर पेलला जातो, तिथंही गंज पोचला होता. तो पत्रा चालत्या गाडीत फाटला तर काय होईल, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

बालाजीला त्यानं खरं ते सांगितलं. गाडी ठेवून घेतली आणि सांगितलं की सगळं काम मीच करून देणार.

संध्याकाळी राणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "आबा, मामंजी गाडी विकायलेत. परवा पूर्ण्याचा एक रेल्वेतला माणूस न्यायला येणार हाय. मामंजींनी तुमच्या कामाचं लय सांगितलं त्यांना."

फोन ठेवल्यावर आश्रुबानं बायकोला, तानुबाईला सगळं सांगितलं. तानुबाईनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"गाडी जायलीय ना? जाऊ द्या की मंग. तुमाला कुणी इचारलंय का?"

"त्या गाडीत माणसं बसणार हायत."

"आन आपली पोरगी त्या घरात बसलेली हाय, तिचं काय? चार वर्सं झाली, तिच्या सासऱ्यानं तिला कधी वाकडं म्हणलं न्हाई. उद्यापासनं उठता बसता बापाचा उद्धार ऐकंल ती. तुमी आपलं सांगून मोकळे होताल, निस्तरायचं तिनं."

ती बोलत होती त्यातला शब्दन् शब्द आश्रुबाच्याही मनात होता. त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी मात्र त्यानं हत्यारांची पिशवी भरली आणि वालूरची एसटी धरली. तानुबाईनं अडवलं नाही, फक्त त्याच्याकडं न बघता पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

रंगनाथराव ओसरीवर होते. "या इवाई, या. अवचित कसं काय?" म्हणत त्यांनी चहाची हाळी दिली.

"चहा मागून. आधी गाडी दावा," आश्रुबा म्हणाला आणि त्यांनी चप्पल घालायच्या आत गाडीखाली शिरला. एक कड ओढली. काळी माती फरशीवर पडली आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या लाल खपल्याही पडल्या.

"हे काय?"

"माझी चूक हाय. कडा बुजवायला नको व्हत्या. आत ओल धरली अन् पत्रा खाल्ला. ही गाडी कुणाला देऊ नका. धोका हाय."

त्या मातीकडं बघता बघता रंगनाथरावांचा चेहरा तांबडा झाला. "सगळ्या गावाला वाकवून वाकवून दाखवलं मी हे. अकरा गाड्या माझ्या जबानीवर पाठवल्या. आता त्या लोकांना काय सांगू? कोणतं तोंड घेऊन फिरू?"

"तुमी नका फिरू. मी जातो घरोघर. सगळ्यांचं काढून, खरडून, नीट करून देतो."

रंगनाथराव वळले आणि एक अक्षर न बोलता आत निघून गेले. ते शिव्या देतील याची तयारी करून आश्रुबा आला होता. हे गप्प राहणं त्याला सोसेना.

दारात राणी चहाचा कप घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. आश्रुबाला तिच्याकडं मान वर करून बघवेना.

"चुकलो बाई," तो म्हणाला. "तुझ्याच दारात येऊन तुला खाली बघायला लावलं."

राणीनं कप कट्ट्यावर ठेवला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि चपला पायात सरकवल्या.

"अकरा घरं तुमाला ठावं तरी हायत का? चला."

"अगं, तुझे मामंजी..."

"चला म्हणते ना."

ती पुढं आणि तो पिशवी घेऊन मागं, असे दोघं गल्लीत निघाले. लोक बघत होते. सून अशी भर सकाळी बापाला घेऊन कुठं निघाली, म्हणून दोन बायका दारातच थबकल्या. आश्रुबाला वाटलं, इथूनच परत फिरावं.

पहिलं घर व्यंकटीचं होतं. तो अंगणात दात घासत होता. राणीला बघून गडबडला, चूळ भरून म्हणाला, "सूनबाई, तुमी? काही निरोप हाय का मालकांचा?"

रस्ताभर जुळवलेलं वाक्य आश्रुबाला आता आठवेना.

"निरोप न्हाई," राणी म्हणाली. "आज मी तुमच्या मालकांची सून म्हणून आले न्हाई. मी आश्रुबा मिस्तरीची लेक हाय. तुमच्या गाडीत आबांची चूक झालीय, ती सांगायला अन् निस्तरायला ते स्वतः आलेत. गाडी बाहेर काढा."

व्यंकटीनं गाडी बाहेर काढली. आश्रुबा पिशवी घेऊन खाली शिरला आणि बराच वेळ त्यानं एकाही हत्याराला हात लावला नाही. डोळे पुसायला ती जागा बरी होती.