मंगळवारचा बाजार

स्वल्पविराम नव्हता तो. शैलजानं पडद्यावरचं पान मोठं केलं तेव्हा त्या काळ्या ठिपक्याला पाय दिसले – कुण्या काळी, कुणीतरी पुस्तक मिटताना पानांत सापडून चपटा झालेला एक बारीक किडा. यंत्रानं तो इमानानं स्वल्पविराम म्हणून वाचला होता : ‘वेल्डरबी, हे बाजाराचं गाव.’ तिनं स्वल्पविराम खोडला, आणि उगाचच काहीतरी निर्दय केल्यासारखं वाटून हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

जुनी इंग्रजी पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर चढवणाऱ्या एका संस्थेचं हे तपासणीचं काम. बिनपगारी, म्हणून तिच्या व्हिसाला चालणारं. नवऱ्याच्या, केदारच्या व्हिसावर केदारनं नोकरी करायची, तिच्या व्हिसावर तिनं केदारसोबत राहायचं. तो ऑफिसला गेला, लेक हिमानी शाळेत गेली, की अमेरिकेतल्या बॉथेलच्या या अपार्टमेंटमध्ये डिशवॉशरचा आवाज आणि बाहेर पडतोय की नाही हे न कळणारा पाऊस... आणि ती दमलेली. सकाळी उठतानाच दमलेली. काय केलं म्हणून दमले, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही अशी.

नागपूरच्या कॉलेजात तिची इतिहासाची नोकरी अजून होती. म्हणजे रजेवर रजा वाढवत ती जिवंत ठेवली होती. आता रजा संपत होती. विभागप्रमुख सरला मॅडमनी गेल्या आठवड्यात निरोप दिला होता की गुरुवारी आमच्या सकाळी, तुझ्या बुधवारच्या संध्याकाळी फोन कर. येतेस की नाही ते सांग, त्यानंतर जागेची जाहिरात निघेल. आज बुधवार. सकाळी केदार बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला होता, “तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. हिमानीचं काय करायचं ते फक्त बघ.” इतक्या चांगुलपणानं म्हणाला की त्याच्यावर रागवायलाही जागा उरली नाही. ग्रीन कार्ड आलं की तूही नोकरी करशील, असं तो पूर्वी म्हणायचा. हल्ली ते म्हणत नाही...

तिनं पुढचं पान उघडलं. इंग्लंडमधल्या या वेल्डरबीबद्दल जे जे कुणी लिहिलं ते सगळं या जाडजूड ग्रंथात एकापुढे एक छापलेलं होतं. सगळ्यात आधी एक घोड्यावरून फिरणारा गृहस्थ – त्याला खाणावळीतलं मटण बाधलं होतं, पण मंगळवारचा बाजार त्यानं डोळे भरून पाहिला होता : धान्याच्या राशी, पायांना डांबर फासून लांबून चालवत आणलेली बदकं, मापावरून भांडणाऱ्या दोन बायका. मग पहिलं गॅझेटियर : ‘मंगळवारी धान्याचा मोठा बाजार भरतो.’ मग दुसरं, तिसरं, तेच वाक्य. आणि शेवटी एक पाद्री, जो खरोखर त्या गावी उतरला, त्यानं लिहिलं होतं की चौकात गवत वाढलं आहे. बाजार भरलेला गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही.

म्हणजे मधल्या काळात कुणी गेलंच नव्हतं.

तिला राग आला, आणि रागाचं नवल वाटलं. कारण मी गेले होते – उमरेडच्या आठवडी बाजारात, पीएचडीच्या वेळी, उन्हातान्हात, एकेका पालापाशी उभी राहून विचारत, कुठून येता, किती वर्षं बसता इथे... आणि एक बांगड्यावाली वैतागून म्हणाली होती, “घेतेस का काही, का नुसतीच इचारत राह्यतेस?” मी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, हातभर. त्या दिवशीही दमले होते. पण ते दमणं वेगळं, त्यानं झोप लागायची.

आणि आता? दर रविवारी आईला फोन. सगळं छान आहे. पाऊस असतो. हिमानी रमली आहे. मागच्या रविवारी हेच, त्याच्या मागच्या रविवारीही हेच, आणि आई हेच मावशीला सांगते, मावशी शेजाऱ्यांना. बाजार भरतो म्हणे अजून. तिनं पान बंद केलं.

हिमानी आली, दप्तर सोफ्यावर टाकून दूध प्यायली. मग कपाकडे बघत म्हणाली, “आर वी मूव्हिंग टू नागपूर? डॅड सेड मेबी.”

शैलजानं विचारलं, तुला काय वाटतं. हिमानीनं खांदे उडवले. “आय डोंट नो,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, “तिकडे तू कमी टायर्ड असशील?”

शैलजानं तिचा रिकामा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. हिमानी शेजारच्या नीनाकडे खेळायला गेली, आणि शैलजा दाराशी उभी राहिली, मनात एवढंच, की हे हिला दिसत होतं... रोज दिसत होतं. ज्यांच्यापासून लपवायचं तेच तर घरात.

अंधारून आल्यावर तिनं फोन लावला. दोन्ही वाक्यं तयार होती, येते मॅडम, आणि नाही जमणार मॅडम. दोन्ही नीट, सभ्य. मॅडमनी आधी हिमानीची चौकशी केली, केदारची केली, मग म्हणाल्या, “काय ठरलं गं?”

“नाही ठरवता येत, मॅडम.” स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “मी फार दमले आहे.”

मॅडम आता जागेचं बोलतील, असं तिला वाटलं. त्या बोलल्याही, की मला ती धरून ठेवता येणार नाही, शैलजा, खोटी आशा लावत नाही. पण मग त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बसल्यावर येतो तसा उसासा.

“कशानं दमलीस?”

कशानं... ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर, भिंतीला टेकून खाली बसली. पाय पसरले. फरशी गार होती. किती दिवसांत अशी बसलेच नव्हते मी. केदारची गाडी खाली थांबल्याचं तिला ऐकू आलं, तरी ती उठली नाही. काय ठरणार ते तिला आत्ताही माहीत नव्हतं, नोकरी तर बहुधा गेलीच. पण पहिला शब्द कोणता घ्यावा हे कळत नसतानाही, सांगण्यासारखं आत पुष्कळ आहे – अजून आहे – एवढं तिला कळत होतं.